झाकण कुणाच्या सोयीचं? मांजरीच्या बंद लिटर बॉक्सबद्दल

जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मांजर आणली की खाण्यापिण्याच्या आधी एक प्रश्न उभा राहतो: हिनं शी-शू करायची कुठं? पेठांतल्या जुन्या घरांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. मांजर भिंतीवरून उडी मारून शेजारच्या परड्यात जायची, नाहीतर कोपऱ्यावर कुणीतरी बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर. ती वाळू चाळताना गवंडी काय काय बोलायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या मजल्यावर ना परडं ना वाळू, म्हणून मग घरात लिटर बॉक्स येतो, म्हणजे शी-शूसाठी ओल शोषणारी माती वगैरे (लिटर) घातलेला डबा. आणि दुकानात विचारलं की हमखास झाकणाचाच पुढं करतात.

दिसायला तो छानच असतो. खाली खोलगट तबक, वर खिटीनं अडकणारं घुमटासारखं झाकण, समोर शिरायला भोक, बहुतेकांना आत-बाहेर झुलणारं प्लास्टिकचं दार आणि डोक्यावर जाळीत बसवलेली काळ्या कोळशाची पट्टी. पाहुण्यांना काही दिसत नाही, लिटर बाहेर उडत नाही, वास येत नाही, असं विकणारा सांगतो. पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी खऱ्या आहेत. तिसरीत गोम आहे, आणि ती गोम कळली की बॉक्स निवडणं सोपं जातं.

वास जातो कुठं?

मांजरीचं पूर्वज असलेलं रानमांजर पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं. थोड्या पाण्यात भागवायचं म्हणून त्याची मूत्रपिंडं पाणी राखून शू फार दाट करतात, आणि हा गुण आपल्या घरातल्या मनीतही जसाच्या तसा उतरला आहे. या दाट शूत युरिया भरपूर असतो. तबकातले जंतू तो फोडतात आणि त्यातून अमोनिया सुटतो, म्हणजे डोळ्यांत चरचरणारा तो वास. ताज्या शूला तो एवढा नसतो. शू पडून राहिली की वाढतो, आणि हवेत ऊब असेल तर फार लवकर वाढतो. मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा गेलेल्या सोलापुरात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

बोक्याची गोष्ट आणखी निराळी. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या शूत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल बरंच असतं. ते फुटत गेलं की भिंतीत, गादीत मुरणारा तो खास ‘बोक्याचा वास’ तयार होतो. नसबंदीनंतर हे प्रमाण घटतं. त्यामुळे वासासाठी महागडा बॉक्स बघत असाल तर आधी बोक्याची नसबंदी करून घ्या, तेवढ्या पैशात फरक जास्त पडेल.

आता झाकणाकडे येऊ. अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. उघड्या तबकातून निघालेला अमोनिया खोलीभर पातळ होत जातो. झाकण असलं की तो घुमटाखाली साठतो. आपल्या नाकाला वास येत नाही याचा अर्थ तो गेला असा नाही, तो आत कोंडला आहे. आणि आत जाणार कोण? जिचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट आहे ती. बसल्यावर तिचं डोकं नेमकं त्या घुमटाखाली येतं. कोळशाच्या पट्टीवर फार भिस्त ठेवू नका. साधा सक्रिय कोळसा इतर बरेच वास धरतो, अमोनिया मात्र फारसा धरत नाही. जे धरतो तेही महिना-दोन महिन्यांत भरून जातं आणि पट्टी बदलावी लागते. आपल्याकडे मात्र बॉक्ससोबत आलेली पहिली पट्टी बॉक्स मोडेपर्यंत चालते.

झाकणाखाली हवा खेळत नाही, त्यामुळे ओल टिकते, शूनं लिटरचे बांधलेले गोळे नीट वाळत नाहीत आणि उकरताना उडालेली धूळ आतच घुमते. मांजरींनाही दमा होतो. तसा त्रास असलेल्या मांजरीला बंद बॉक्स देऊच नये.

पण माझ्या मते झाकणाचा खरा तोटा यातला कुठलाच नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते उपसायचं राहून जातं, हा तो तोटा. उघड्या तबकातला गोळा येता-जाता खुपतो, म्हणून उचलला जातो. झाकणाच्या बॉक्सला ‘उद्या बघू’ फार सहज म्हटलं जातं आणि मग तिसऱ्या दिवशी मांजर दिवाणाच्या मागं जाऊन येते. दोष मांजरीला लागतो.

मांजरींना विचारलं तर

मग झाकणाचा बॉक्स वाईटच का? तसंही नाही. २०१३ साली एका पशुवैद्यकीय नियतकालिकात याच प्रश्नावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २७ मांजरींना त्यांच्या घरीच दोन्ही प्रकारचे बॉक्स देऊन दोन आठवडे पाहिलं, रोज दोन्हींतलं उपसून मोजलं. एकूण हिशेबात झाकण असण्या-नसण्यानं काही मोठा फरक निघाला नाही. १९ मांजरींना दोन्ही सारखेच होते. उरलेल्या ८ जणींनी मात्र ठाम आवड दाखवली, ४ झाकणाच्या बाजूनं आणि ४ विरुद्ध. यातलं ‘रोज उपसून’ हे विसरू नका. बॉक्स स्वच्छ असेल तर बहुतेक मांजरी झाकण खपवून घेतात, एवढंच यातून निघतं. न उपसलेल्या बंद डब्याला या अभ्यासानं कुठलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही.

आकाराबाबत मात्र मांजरींचं मत बरंच स्पष्ट आहे. २०१४ च्या एका अभ्यासात नेहमीच्या मापाचा आणि सुमारे ८६ सेंटीमीटर लांबीचा असे दोन बॉक्स समोर ठेवल्यावर मांजरींचा कल मोठ्याकडे दिसला. पशुवैद्यांचा नेहमीचा नियम असा, की मांजरीची नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मोजा आणि बॉक्सची लांबी त्याच्या निदान दीडपट घ्या. पंचेचाळीस सेंटीमीटरच्या मांजरीला सत्तरच्या आसपास लागतात. शिलाईची टेप घेऊन दुकानात गेलात तर कळेल, की झाकणाचे बरेचसे बॉक्स बाहेरून पन्नास-पंचावन्नचे असतात. खोक्यावर लिहिलेलं माप बाहेरचं असतं आणि घुमट वर निमुळता होत गेलेला असतो, त्यामुळे आतली खरी जागा आणखी कमी. मांजर आत जाऊन पूर्ण फिरली पाहिजे, उकरली पाहिजे आणि उभी राहिली तर तिचे कान छताला लागता कामा नयेत.

आमच्या गल्लीतल्या काकूंची तक्रार अशी, की मांजर रोज इमानदारीनं बॉक्समध्येच जाते, तरी शू बाहेरच्या पायपुसण्यावर. “आतच बसलीय की ओ, मग बाहेर कसं येलालंय?” शेवटी त्यांच्या नातीनं मोबाईलवर तिचं चित्रीकरण केलं. मांजर आत शिरत होती, पण वळायला जागा नसल्यानं तोंड आतल्या भिंतीकडे आणि मागचा भाग बरोबर भोकात. तिच्या हिशेबानं ती बॉक्समध्येच होती. पुढचे पाय लिटरवर टेकलेले होते ना! काकूंनी झाकण काढलं आणि पायपुसणं दुसऱ्या दिवसापासून कोरडं राहिलं.

झुलतं दार हा आणखी एक मुद्दा, आणि यावर मी फारसं लिहिणार नाही: काढून टाका. दार ढकलून आत जाणं, बाहेर येताना ते शेपटीवर आपटणं, दिसत नसताना बाहेर कोण बसलंय याची धास्ती, हे सगळं मांजरीनं का सोसायचं? घरात दोन मांजरी असतील आणि एक दांडगी असेल तर ती दारापाशीच दबा धरून बसते. झाकणाच्या बॉक्सला बाहेर पडायची वाट एकच असते. म्हणून एकापेक्षा जास्त मांजरी असलेल्या घरात बॉक्स ‘मांजरी जितक्या, अधिक एक’ असावेत आणि ते शेजारी-शेजारी न मांडता वेगवेगळ्या कोपऱ्यांत असावेत. शेजारी मांडलेले दोन बॉक्स मांजरीच्या लेखी एकच.

वरच्या झाकणालाच भोक असलेले, उडी मारून आत उतरायचे बॉक्सही मिळतात. लिटर पायाला लागून घरभर होत नाही हे खरं, पण तरण्या, चपळ मांजरीलाच ते जमतं. २००२ साली बारा वर्षांवरच्या १०० मांजरींचे एक्स-रे तपासले, तेव्हा ९० टक्क्यांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा दिसल्या होत्या. म्हातारी मांजर लंगडतेच असं नाही. ती फक्त उंच चढायचं टाळते. तिला पुढची कड बुटकी असलेलं उघडं तबकच द्यावं. पिल्लांनाही तेच.

झाकण कामाला येतं ते अशा ठिकाणी: मांजर विहीर खणल्यासारखं उकरून लिटर खोलीभर उडवते, शू करताना मागचा भाग उचलते नि धार कडेवरून बाहेर जाते, घरात रांगतं मूल किंवा कुत्रा आहे आणि दोघांनाही त्या तबकात फार रस आहे, किंवा मांजरच लाजरी आहे, आडोसा शोधते. अशा मागचा भाग उचलणाऱ्या मांजरीसाठी बॉक्स घेताना झाकण आणि तबक जिथं मिळतात तो सांधा बोट फिरवून बघा. झाकणाची कड तबकाच्या आत उतरत असेल तर भिंतीवरून ओघळलेली शू परत तबकात येते. कड बाहेरून बसत असेल तर तीच शू सांध्यातून झिरपून फरशीवर येते आणि बॉक्स उचलेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

घरीच बनवता येतो

मोठ्या मापाचा झाकणाचा बॉक्स विकत मिळणं अवघडच. त्यापेक्षा रजया-चादरी ठेवायला मिळतो तसला मोठा प्लास्टिकचा डबा आणा, सत्तर सेंटीमीटर किंवा त्याहून लांब. त्याच्या रुंदीच्या बाजूला, तळापासून पाच-सहा इंचांवर दार आखून घ्या, ताटलीपेक्षा जरा मोठं. जुनी सुरी गॅसवर तापवली की प्लास्टिक लोण्यासारखं कापलं जातं. खिडकी उघडी ठेवा, धूर बरा नसतो. कापलेल्या कडेला धार राहते, ती पॉलिश पेपरनं घासून घ्या आणि वरून कापडी चिकटपट्टी फिरवा. वरचं झाकण लावलंत तर बंद बॉक्स, काढलंत तर उंच भिंतींचा उघडा बॉक्स. माझ्या मते हा दुसरा प्रकारच उत्तम: लिटर उडत नाही, धार बाहेर जात नाही, हवा खेळती राहते आणि वरून बघितलं की आत काय आहे ते दिसतं. उपसायला खास चमचा नसला तरी चालतं. जुना झारा वेगळा काढून ठेवा, मात्र तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही अशा जागी टांगा.

आत काय घालायचं

१९४७ पर्यंत अमेरिकेतही लोक राख आणि वाळूच वापरत. त्या वर्षी मिशिगनमधल्या एडवर्ड लो यांनी शेजारणीला मुलतानी मातीच्या जातीची, ओल शोषणारी माती देऊन पाहिली आणि त्यातून पुढं हा सगळा धंदा उभा राहिला. गोळे बांधणारं लिटर आलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आपल्याकडे मिळणारं हे लिटर बहुतेक बेंटोनाइट नावाच्या मातीचं असतं, आणि देशातल्या बेंटोनाइटचा मोठा वाटा कच्छमधून येतो. त्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याच्या कणांत एकावर एक पापुद्रे असतात. पाणी त्या पापुद्र्यांत शिरतं, कण फुगतो आणि शेजारच्या कणाला चिकटतो. सोलापूरकरांना हे शिकवायला नको. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून पावसात चालत आलेल्या माणसाच्या चपलेला चार बोटं चिखल धरतो आणि उन्हाळ्यात त्याच रानाला हात जाईल अशा भेगा पडतात, ते याच कुळातल्या खनिजाचं काम. ज्या गुणामुळे ती जमीन पाऊस धरून ठेवते आणि हिवाळ्यात त्यावर ज्वारी उभी राहते, त्याच गुणामुळे लिटरमधली शू तळाला न जाता वरच्या वर गोळा होते.

पण म्हणून कुणी शेतातली काळी माती आणून तबकात भरू नये. ती गोळा बांधत नाही, चिखल करते आणि त्या पावलांचा नकाशा तुमच्या चादरीवर उमटतो. नदीची वाळू स्वस्त पडते, मांजरीलाही आवडते, पण शू थेट तळाला जाते, त्यामुळे सगळी वाळू वरचेवर बदलावी लागते. झाकणाखाली वाळू म्हणजे वासाची हमी. वखारीतला भुसा हलका आणि स्वस्त, पण धूळ फार. शेंगांच्या टरफलांचा प्रयोगही आपल्याकडे कुणीतरी करतंच. टोचणाऱ्या, खरखरीत गोष्टीवर पाय ठेवायला मांजरी कुरकुरतात. त्यांना बारीक, मऊ आणि बिनवासाचं लागतं. लव्हेंडर, लिंबू असले सुगंध आपल्यासाठी असतात, आणि बंद बॉक्समध्ये अमोनियावर लव्हेंडर चढलं की मांजर दारातूनच माघारी फिरते. लिटरचा थर दोनेक इंच ठेवा. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना गोळे बांधणारं लिटर नको, ती ते चाखून बघतात.

ऊन आणि नळ

सोलापुरात बॉक्सची जागा ठरवताना दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली ऊन. गॅलरीत, गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवलेला प्लास्टिकचा बंद बॉक्स दुपारी नुसती भट्टी होतो. ती दुपारी आत जाणार नाही आणि गेलीच तर आतला वास तिला बाहेर काढेल. बाथरूम सगळ्यांना सुचतं, पण आपल्या बाथरूममध्ये पिंपं आणि बादल्यांतून माणसालाच वाट काढावी लागते, आणि फरशी कायम ओली. हॉलचा किंवा झोपायच्या खोलीचा एखादा सावलीतला कोपरा बरा. कूलरचा झोत थेट बॉक्सवर येऊ देऊ नका, त्या दमट हवेनं गोळे ओलेच राहतात. पूर्व भागात अजून बऱ्याच घरांत खाली यंत्रमाग आणि वर संसार असतो. तिथं मागाची खटखट सर्वांत कमी पोचते तो कोपरा शोधा. वॉशिंग मशिनशेजारी नको, खाण्याच्या ताटलीशेजारी तर नकोच.

दुसरी गोष्ट पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ‘बॉक्स वरचेवर धुवा’ हा सल्ला देणाऱ्याला आधी पिंप भरायला लावावं. नशिबानं गोळे बांधणाऱ्या लिटरला धुण्यापेक्षा उपसण्याची गरज जास्त असते. सकाळ-संध्याकाळ गोळे आणि शी काढली, कमी झालं तेवढं नवीन लिटर वर घातलं, तर सगळा बॉक्स रिकामा करून धुणं दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरतं. ते पाण्याच्या दिवशीच धरा. झाकणाची आतली बाजू आणि तो सांधा मात्र आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसा, कारण वास तिथं धरतो. धुताना आधी जुन्या पेपरनं कोरडं पुसून घ्या, मग भांड्याचा साधा साबण आणि दोन तांबे पाणी. त्यानंतर गच्चीवर कडक उन्हात उलटा घाला. एवढ्यापुरतं सोलापूरचं ऊन आपल्या बाजूचं आहे. नखांनी आतून ओरखडे पडून प्लास्टिक खरबरीत झालं, की धुऊनही वास जात नाही. मग बॉक्स बदलायचा.

फिनाइलला हात लावू नका. हे मी ठासून सांगतो, कारण आपल्याकडे ‘स्वच्छता’ म्हटली की पहिला हात फिनाइलच्या बाटलीकडेच जातो. मांजरीचं यकृत फिनॉलच्या जातीची रसायनं नीट निकामी करू शकत नाही. ती पंजाला लागतात, पंजा चाटला जातो आणि विषबाधा होते. ओळखायची खूण सोपी: पाण्यात टाकल्यावर जे जंतुनाशक दुधाळ होतं ते मांजरीच्या वस्तूंपासून लांब ठेवायचं. ब्लीचिंग पावडरही नको, शूतल्या अमोनियाशी तिचा संयोग होऊन श्वासाला झोंबणारा वायू निघतो. वास मारायला बॉक्सजवळ डांबरगोळ्या ठेवणारेही पाहिलेत. त्याही मांजरीला घातक आहेत.

सवय लावताना

नवा बॉक्स आणला म्हणून जुनं घमेलं त्याच दिवशी फेकू नका. आधी नव्या बॉक्सचं फक्त तबक ठेवा, त्यात जुन्यातलं थोडं लिटर मिसळा. आठवडाभर ती निवांत जायला लागली की झाकण बसवा, दार नाही. तिला उचलून आत कोंबणं, तोंड आत घालून ‘बघ, इथं करायची’ असं शिकवणं, याचा उपयोग उलटाच होतो. बाहेर शू केली म्हणून मार देणं तर सपशेल फुकट. ती शू आणि मार यांचा संबंध लावत नाही, तुमचा आणि माराचा लावते.

दिवाळीत आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री काही मांजरी बंद बॉक्समध्येच लपून बसतात. तिला लपायला दुसरीकडे पुठ्ठ्याचं खोकं आणि जुनी चादर घालून द्या, नाहीतर दुसरी मांजर रात्रभर शू अडवून बसेल.

झाकणामागं लपणारं दुखणं

हा भाग बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा आहे, विशेषतः बोका पाळणाऱ्यांना. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खडे, चिकट द्रव्य किंवा सूज यांनी ती बंद पडली की शू तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि २४ ते ४८ तासांत जिवावर बेतू शकतं. सुरुवातीची लक्षणं सगळी बॉक्समध्येच दिसतात: वारंवार जाणं, बराच वेळ जोर करत बसणं, थेंबभर शू किंवा काहीच नाही, ओरडणं, लालसर डाग. उघड्या तबकात हे कुणाच्याही नजरेला पडतं. झाकणाखाली ते होत राहतं आणि घरच्यांना वाटतं, ‘बिचाऱ्याला बद्धकोष्ठ झालेलं दिसतंय.’ बोका जोर करतोय आणि शू येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, एरंडेल पाजू नका, पशुवैद्याकडे न्या, रात्र असली तरी.

म्हणून झाकण ठेवायचंच असेल तर गोळे मोजायची सवय लावून घ्या. रोज साधारण दोन-चार गोळे आणि एखादी शी, हा तुमच्या मांजरीचा नेहमीचा आकडा काय आहे तो तुम्हालाच ठाऊक असणार. गोळे अचानक मोठे आणि जास्त व्हायला लागले तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. बारीक आणि पुष्कळ झाले तर मूत्राशयाचा त्रास. नेहमी बॉक्समध्ये जाणारी मांजर एकाएकी बाहेर करायला लागली, तर तिला खोड लागली असं धरण्याआधी तपासून घ्या. उन्हाळ्यात नुसत्या कोरड्या खाण्यावर असलेल्या मांजरीकडे जास्त लक्ष हवं. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि जमेल तेव्हा ओलं खाणं द्या.

घरात कुणी गरोदर असेल तर बॉक्स उपसायचं काम दुसऱ्यानं करावं. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडुकं मांजरीच्या शीतून पडू शकतात, पण ती पडल्या पडल्या संसर्ग करत नाहीत, त्यासाठी त्यांना एक ते पाच दिवस लागतात. रोज उपसण्याचं आणखी एक कारण हेच. मांजरीला हा संसर्ग मुख्यतः उंदीर, पाखरं आणि कच्चं मांस खाऊन होतो, म्हणून चिकनच्या दुकानातून आणलेले तुकडे शिजवूनच घाला. दुसरं कुणीच नसेल तर हातमोजे घालून रोज उपसा आणि हात साबणानं धुवा. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही, सासूबाई काहीही म्हणोत.

उपसलेलं कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. कुंडीत किंवा परसबागेतल्या खतात मिसळू नका, निदान भाजीच्या तर नाहीच. आणि पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, बेंटोनाइटचे गोळे संडासात टाकून साखळी ओढू नका. पाणी लागलं की ही माती काय करते ते वर आलंच आहे. पाइपातही ती तेच करते, आणि सामाईक ड्रेनेज तुंबलं की तळमजल्यावरच्यांना वर कुणाकडे मांजर आहे ते लगेच आठवतं.